स्पर्लॉकचे निवळशंख पाणी

ट्राउट मासा डोहातून उसळला, उन्हात एकदा लखलखला आणि पुन्हा पाण्यात पडला. त्याबरोबर काठावर दाटीवाटीने उभ्या असलेल्या साऱ्या खोऱ्याच्या तोंडून असा उद्गार निघाला, की चर्चच्या छपरावरची कबुतरे फडफडत उडाली.

"बघितलंस? अगं, बघितलंस का?"

"मासा! स्पर्लॉकमध्ये मासा!"

बायका रडू लागल्या. उभा जन्म कोळशाच्या खाणीत घालवलेला, चर्चचा डीकन म्हणजे कारभारी हॉबर्ट टेटर, ज्याला बायकोच्या दफनाच्या दिवशीही कोणी रडताना पाहिले नव्हते, टोपी छातीशी धरून चिखलातच गुडघ्यांवर बसला. त्याला कोणी हसू नये. स्पर्लॉक ओढा माझ्या जन्माआधीपासून विटेच्या रंगाचा वाहत होता. डोंगरातल्या सोडून दिलेल्या खाणीचे पाणी त्यात उतरते. त्यात बुडवलेला पांढरा झगा पुन्हा कधी पांढरा होत नसे, म्हणून ओढ्याच्या काठी मुद्दाम बांधलेल्या या चर्चला आपल्या माणसांचे बाप्तिस्मे गुरांना पाणी पाजण्याच्या पत्र्याच्या टाकीत उरकावे लागत. ज्या लोकांच्या आजोबा-पणजोबांनी वाहत्या पाण्यात बुडी घेऊन देवाचे नाव घेतले, त्यांना ही टाकी किती खुपत होती, हे इथे राहिल्याशिवाय कळायचे नाही. आणि आज त्याच ओढ्याचा तळ खडान् खडा दिसत होता. पाणी निवळशंख होते.

डोहाच्या मधोमध, कमरेएवढ्या पाण्यात, ब्रदर लेव्हॉन स्टॅग उभा होता. गेल्या हिवाळ्यात तो परगावाहून आला, ओढ्याच्या वरच्या अंगाचे कॅल्व्हर्टांचे शेत भाड्याने घेऊन त्याने तिथे प्रार्थनेची छावणी टाकली, आणि वसंत सरता सरता ओढा निवळला. या दोन गोष्टी एकामागून एक घडल्या, एवढाच त्याच्या चमत्काराचा पुरावा. परंतु पुरावा जितका तुटपुंजा, तितकी जीभ लांब, असा या धंद्याचा नियमच आहे.

"हा ओढा मेला, असं कोण म्हणत होतं?" त्याने दोन्ही हात पसरून विचारले.

"सरकार!" गर्दी गरजली.

"शिकलेसवरलेले लोक काय म्हणत होते? तुमची नातवंडं म्हातारी होतील, तरी हा सुधारायचा नाही! आणि मी काय केलं? काही नाही! मी कोण? नुसती नावानं हाक मारली. म्हटलं, स्पर्लॉक, बाळा, ऊठ. लय लोळलास. तोंड धू! आणि यानं तोंड धुतलं!"

"आमेन!"

ओढ्याने तोंड धुतले असेल, तर मळ कुठे गेला, हा प्रश्न एकाही माणसाला पडला नाही. सिकॅमोरच्या बुंध्याला टेकून उभ्या असलेल्या मला तो पडला होता. पण मी, ॲन्सेल कटराइट, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हायस्कुलात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझे प्रश्न हा खोऱ्यात आधीपासूनच चेष्टेचा विषय आहे.

स्टॅगच्या माणसांनी कागदी पेल्यांतून ओढ्याचे पाणी फिरवले. लोकांनी घोट घेतला आणि चेहरे वाकडे केले. मीही जिभेला थेंब लावला. तुरटीचा खडा जिभेवर घासावा, तसे तोंड आक्रसून गेले.

"आंबट लागतं?" स्टॅग हसला. "मग औषध काय मधासारखं लागतं होय? आजवर कुणाला गोड औषधानं बरं वाटलंय?"

लोक हसले आणि उरलेले पाणी पिऊन टाकले. मग त्याने आवाज उतरवला.

"शनिवारी इथं एक साहेब येणार आहेत म्हणे. नळासाठी सह्या घ्यायला. या की, जरूर या! देवानं दारात पाणी आणून सोडलंय, तुम्ही सरकारकडं तोटीची भीक मागा. पण ध्यानात ठेवा, त्या कागदावर केलेली सही म्हणजे देवाच्या तोंडावर लावलेलं दार!"

येथे त्याचे खरे दुखणे होते. काउंटीने खोऱ्यात नळ आणण्याचे कबूल केले होते, परंतु निम्म्याहून अधिक घरांनी आधी लेखी होकार दिला तरच. आणि छावणीच्या फाटकाशी 'बरे झालेले पाणी' बाटल्यांत भरून देणगीच्या मोबदल्यात दिले जात होते. ज्याच्या घरी चांगल्या पाण्याची तोटी आहे, तो बाटलीसाठी डोंगर कशाला चढेल?

सभा संपली तेव्हा माझी थोरली बहीण ऑर्फा माझ्याकडे आली. तिचे डोळे ओले होते.

"ॲन्सेल, पुढच्या रविवारी ब्रदर माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार आहेत. त्या दिवसापासून मी हेच पाणी पिणार. दुकानातले कॅन बंद. आणि नळासाठी मी हो म्हटलं होतं ना, ते विसर."

ऑर्फाताईची दोन्ही मूत्रपिंडे निम्म्याहून अधिक निकामी झालेली आहेत. तिच्या विहिरीत ओढ्याचेच पाणी झिरपते, आणि त्यातले धातू पोटात गेले तर उरलीसुरली मूत्रपिंडेही जातील, असे डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर सांगितले होते. तेव्हापासून ती पाण्याचा एकेक कॅन कुशीला लावून पायऱ्या चढते आणि प्रत्येक पायरीला थांबते. नळाची सर्वांत अधिक गरज असलेली व्यक्ती आता नळ नाकारणार होती, आणि तेही आनंदाने.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. ती मक्याच्या पावाचे पीठ भिजवत होती.

"ताई, पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे ते चांगलं असतं असं नाही."

"हे बघ, मास्तर." ती चिडली की मला मास्तर म्हणते. "इतकी वर्षं तू कानीकपाळी ओरडत आलास, पाणी वाईट आहे, त्याचा रंग बघा, रंग बघा. आता रंग गेला, तर म्हणतोस रंग बघू नका. तुझं नक्की काय ते एकदा ठरव बाई."

"बरं. आजी झऱ्याचं पाणी भरायच्या आधी काय बघायची, सांग."

"सरडा."

आमच्याकडे झऱ्यातल्या ओल्या, मऊ कातडीच्या सॅलॅमँडरला पाण्यातला सरडा म्हणतात. ज्या झऱ्यात तो नाही, त्या झऱ्याचे पाणी आजी भरत नसे, आणि झऱ्यातला सरडा कोणी काढला तर घर डोक्यावर घेत असे. शहाण्या बायका होत्या त्या. पाण्याची परीक्षा पाण्याकडे पाहून करायची नसते, पाण्यात कोण राहते ते पाहून करायची असते, हे त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेवाचून कळले होते.

"मग, स्पर्लॉकमध्ये सरडा दिसला का कुणाला?"

"सरड्याचं काय घेऊन बसलास! मासा आहे तिथं. सरड्यापेक्षा मासा मोठा की लहान? मेलेल्या पाण्यात मासा उड्या मारतो होय रे?"

मासा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तिने विजयाने पीठ तव्यात ओतले, आणि मी उठून घरून जाळे, पांढरी तबके आणि आम्ल मोजण्याच्या कागदी पट्ट्या घेऊन ओढ्यावर गेलो.

ओढ्याची प्रकृती कशी तपासतात, हे येथे सांगितले पाहिजे, कारण साऱ्या वादाचे मूळ तेथे आहे. जेथे पाणी दगडगोट्यांवरून खळखळत जाते, तेथे प्रवाहात जाळे उभे धरायचे, त्याच्या वरच्या बाजूला पायांनी तळ ढवळायचा, दगड एकेक करून उलटायचे आणि जाळ्यात जे वाहून येईल ते तबकात ओतायचे. निरोगी ओढ्यात तबक वळवळू लागते. तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या, दोन शेपट्यांच्या अळ्या, वाळूचे कण स्वतःच्या रेशमाने सांधून अंगाभोवती घर बांधणाऱ्या अळ्या. पुढे यांच्या पंख असलेल्या माश्या होतात, परंतु त्याआधी वर्षभर, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळ, त्या दगडाच्या पोटाशी चिकटून असतात. मासा वाईट पाण्यातून पळून जाऊ शकतो आणि चांगल्या पाण्यातून आणलाही जाऊ शकतो. अळीला दोन्ही शक्य नाही. पाण्याची परीक्षा म्हणजे पाण्याची आजची जबानी. अळ्या म्हणजे वर्षभर तेथेच राहिलेले साक्षीदार.

मी दगड उलटत गेलो. दगड घासल्यासारखे स्वच्छ होते, कारण वसंतातल्या पुराने जुना गंज खरवडून नेला होता. परंतु त्यांच्या पोटाशी काही नव्हते. शेवाळाचा बुळबुळीतपणासुद्धा नव्हता. चर्चच्या खाली, चर्चच्या वर, वळणावर, पुलाखाली, कोठेही जाळे टाकावे आणि रिकामे तबक पाहावे. एका ठिकाणी एकदोन लाल किडे मिळाले. ते गटारातही राहतात. पाण्यात पट्टी बुडवली, तर तिचा रंग शिरक्याच्या बाटलीत बुडवल्यासारखा झाला. ओढा रंगीत होता तेव्हाही तो इतका आंबट नव्हता. म्हणजे ओढा निवळला होता, आणि पूर्वीपेक्षा अधिक मेला होता.

सिकॅमोरच्या मुळांत एक मेलेला ट्राउट अडकलेला सापडला. त्याचे पर झिजून खुंटासारखे झाले होते. नदीतल्या माशाचे पर असे झिजत नाहीत. सिमेंटच्या हौदात दाटीने वाढवलेल्या माशाचे झिजतात. मी त्याचे पोट चाकूने उघडले. आत एकही किडा नव्हता. माशांना घालतात त्या तपकिरी दाण्यांचा लगदा होता.

आता वर जाणे भाग होते. कॅल्व्हर्टांच्या शेताच्या खाली स्पर्लॉकला एक छोटा ओहोळ मिळतो. तो चुनखडीच्या झऱ्यातून येतो. कोरड्यात कोरड्या उन्हाळ्यातही तो आटल्याचे कोणाला आठवत नाही. तेथे पोहोचलो आणि पाहतो, तो ओहोळाचे पात्र कोरडे! दगडांवर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे. मी पात्रातूनच चढत गेलो. शेताच्या कुंपणाशी फळ्या ठोकून आणि मातीची पोती रचून ओहोळ अडवला होता, आणि सगळे पाणी छावणीच्या नव्या तळ्यात वळवले होते. तळ्याचा सांडवा डोंगराच्या पलीकडच्या उतारावर काढला होता. पाण्यात ट्राउट गर्दीने फिरत होते, आणि काठावर उभा राहून स्टॅगचा मेहुणा रॉस्को त्यांना बादलीतून दाणे टाकत होता.

"छान मासे आहेत," मी म्हणालो.

"हो ना."

"पाणी कुठलं?"

"देवाचं."

"आणि मासे?"

"ते ट्रकनं आले," रॉस्को म्हणाला, आणि मग त्याचा हात बादलीतच थांबला. "तुम्ही कोण? हे खाजगी आहे. चला, निघा."

निघालोच होतो. आता मला सर्व समजले होते, आणि ते समजल्याचा आनंद होण्याऐवजी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खाणीच्या पाण्यात आम्ल असते आणि त्या आम्लात लोह विरघळलेले असते, साखर विरघळावी तसे, म्हणजे न दिसता. पूर्वी चुनखडीच्या ओहोळाचे पाणी येऊन मिळाले की आम्ल थोडे मरे, आणि लोह गंज होऊन बाहेर पडे. तो गंज म्हणजे ओढ्याचा रंग. गंज हे रोगाचे चिन्ह खरे. परंतु ओढ्याला मिळणारे थोडेफार औषध लागू पडत असल्याचेही तेच चिन्ह होते. स्टॅगने ते औषध तोडले. विष तेवढेच राहिले, किंबहुना वाढले, आणि दिसेनासे झाले. आणि सभेच्या वेळी तळ्यातला मासा डोहात सोडला, की मरण्याआधी तो उसळ्या मारणारच. खाली मोठ्या नदीच्या संगमावर ते लोह आता गंज होऊन बाहेर पडत होते आणि तांबडा लोट पूर्वीपेक्षा रुंद झाला होता, पण संगमावर चर्च नाही आणि तेथे चमत्कार पाहायला कोणी जात नाही.

शनिवारी चर्चच्या तळघरात सारे खोरे जमले. प्रत्येक घराने काही ना काही शिजवून आणले होते. शिजवलेल्या घेवड्याचा, मक्याच्या पावाचा आणि रॅम्प नावाच्या उग्र रानकांद्याचा वास भरला होता. काउंटीचा साहेब एका कोपऱ्यात कागद मांडून बसला होता आणि त्याच्या टेबलासमोर एक कुत्रेही उभे नव्हते. स्टॅग दाराशी उभा राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होता.

मी बोलायला उभा राहिलो. दोन तबके आणली होती. एकात धरणाच्या वरच्या ओहोळातल्या अळ्या, वळवळणाऱ्या. दुसऱ्यात स्पर्लॉकमध्ये तेवढेच ढवळून मिळालेले, म्हणजे जवळपास काहीच नाही. मी शेपट्या मोजून दाखवल्या, वर्षभराच्या साक्षीदारांचा युक्तिवाद मांडला. मला वाटते, तो निर्दोष होता.

"मास्तर," डीकन हॉबर्ट म्हणाला, "किडे नसलेलं पाणी चांगलं की किडे असलेलं?"

सगळे तळघर हसले.

"जेवणाच्या टेबलावर किडे काय मांडतोस, ॲन्सेल!" डॉर्सी पिंगली ओरडला. तो खोऱ्यातला दुकानदार. "आम्ही घेवडा आणलाय, तू अळ्या आणल्यास!"

"धरण घातलंय, फळ्या ठोकल्यात, जाऊन बघा!" मी म्हणालो. "मासे तळ्यात पाळलेत. ते ट्रकनं आलेत!"

"अहो, देवाच्या लेकरांसाठी तळं केलं तर तेही पाप?" स्टॅग शांतपणे म्हणाला. "आणि मासे! गालिलीत येशूनं वाटलेले मासेसुद्धा कुणाच्या तरी जाळ्यातूनच आले होते."

"आमेन," कोणीतरी म्हणाले.

असत्य एका वाक्यात बसते. सत्याला दोन तबके आणि एक व्याख्यान लागते, आणि तोवर घेवडा निवतो. माझा संयम सुटत चालला होता. शेवटी मी ओढ्याचे निवळशंख पाणी काचेच्या बरणीत भरून आणले होते, ते वर धरले आणि खिशातल्या पुडीतून चमचाभर खाण्याचा सोडा त्यात टाकला. पाणी फसफसले, गढुळले, आणि सर्वांच्या देखत विटकरी होत गेले. गंजाचे ढग बरणीत उतरू लागले. तोच जुना रंग, अख्ख्या खोऱ्याच्या ओळखीचा.

हास्य थांबले. एक क्षणभर मला वाटले, झाले.

"पुडीत काय होतं?" स्टॅगने विचारले. मग आवाज चढवून, "पुडीत काय होतं ते विचारा त्याला! खिशातून पूड काढतो, पाण्यात टाकतो आणि म्हणतो पाणी रंगीत झालं! अरे, जत्रेतला जादूगार बरा, तो निदान तिकीट तरी लावतो!"

आणि तळघराने सुटकेचा निःश्वास टाकला. मी तो ऐकला. त्यांना पटले नव्हते असे नाही. त्यांना पटू नये असे वाटत होते, आणि स्टॅगने त्यांना दार उघडून दिले. "सोडा आहे!" मी ओरडलो. "खाण्याचा सोडा!" परंतु माझ्या पुडीवर माझ्या शब्दाखेरीज शिक्का कोणता होता? भोंदूच्या पुडीवर विश्वास ठेवू नका म्हणणारा मी, त्यांना माझ्या पुडीवर विश्वास ठेवा म्हणत होतो.

"बस खाली, ॲन्सेल," ऑर्फाताई म्हणाली.

ती उठली होती. मला वाटले, ती निघून चालली आहे. ती तळघराच्या स्वयंपाकघरात गेली, आणि फळीवरचा चर्चचा सोड्याचा डबा घेऊन आली. मग डीकनच्या पुढे पाण्याचा रिकामा जग ठेवला.

"हॉबर्ट, ओढ्यातून भरून आण. तूच जा. माझा भाऊ नको, ब्रदरची माणसं नकोत."

"ऑर्फा, उगाच कशाला..."

"जातोस का मी जाऊ? मला पायऱ्या चढायला वेळ लागतो, मग सगळ्यांचं जेवण थंड होईल."

डीकन गेला. तो भरलेला जग घेऊन परत आला. मग तिने दोन पेले मांडले. एकात स्वतःच्या कॅनमधले दुकानाचे पाणी ओतले, दुसऱ्यात डीकनने आणलेले.

"हे काय?" डॉर्सीने विचारले.

"डब्यातला सोडाच रंगीत असेल, तर साध्या पाण्यातही रंग उतरेल की नाही? याच डब्यातल्या सोड्याची बिस्किटं तू गेल्या रविवारी सात खाल्लीस, डॉर्सी."

"भगिनी," स्टॅग पुढे झाला, "देवाच्या देणगीची परीक्षा घेऊ नये. जिथं परीक्षा आली, तिथं श्रद्धा संपली."

"मी देवाची परीक्षा घेत नाही, ब्रदर. ओढ्याची घेतेय. ओढा काही देव नाही."

तिने पहिल्या पेल्यात सोडा टाकला. तो विरघळला आणि पाणी जसेच्या तसे राहिले. दुसऱ्यात टाकला. पेला फसफसून वर आला, आणि पाण्यात आधी पिवळी, मग विटकरी धूळ उठली. डीकन हॉबर्टने जगात उरलेल्या पाण्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे, ज्या हाताने त्याने ते भरले होते.

ऑर्फाताई स्टॅगकडे वळली. तिचा आवाज रागीट नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता.

"ब्रदर, छावणीवर तुम्ही स्वतः कुठलं पाणी पिता?"

"आम्ही... तिथं झरा आहे. ओहोळाचं."

"चुनखडीच्या ओहोळाचं. आमच्या आजीच्या वेळेपासून स्पर्लॉकमध्ये पडतो तो. मग आता पडत का नाही?"

"भगिनी, शंकेच्या घरात मी..."

"उद्या तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवणार होतात. तुम्हाला माझी मूत्रपिंडं ठाऊक होती. मी सांगितलं होतं तुम्हाला, रडून सांगितलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, पी."

स्टॅगने टोपी घातली. जाताना, अश्रद्धेने भरलेल्या घरात देवाचा हात आखडतो, असे काहीसे म्हणाला, आणि गेला. त्याच्यामागे काही कुटुंबे उठून गेली, हेही नोंदवले पाहिजे. डबे झाकून, आमच्याकडे न पाहता गेली. ऑर्फाताई काउंटीच्या साहेबाच्या टेबलाशी गेली आणि तिने सही केली. तिच्यामागे हळूहळू रांग लागली. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून अधिक घरे झाली, पण अगदी थोड्याने.

ही गोष्ट येथे संपली असती, तर मी ती समाधानाने लिहिली असती. त्याच दुपारी कॅल्व्हर्टांच्या परवानगीने डीकन आणि चार माणसे फावडी घेऊन वर गेली आणि त्यांनी फळ्या उखडल्या. ओहोळ आपल्या जागी परत आला. आणि जे व्हायचे तेच झाले: दुसऱ्या दिवशी लोक चर्चला आले, तेव्हा डोह विटकरी होता. पुन्हा तोच रंग, पुन्हा तेच पाणी. छावणीच्या गाड्या निघून गेल्या होत्या, परंतु काठावर जमलेल्या लोकांना त्याचे काय! त्यांच्या डोळ्यांसमोर निवळलेला ओढा गढुळला होता.

"बघ," डॉर्सी पिंगली मला म्हणाला, "ब्रदर होते तोवर पाणी कसं होतं! तू आलास आणि नाट लावलीस."

मी त्याला कोणत्या शब्दांत उत्तर दिले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. माणसाने डोळ्यांनी पाहिलेला प्रयोग एका रात्रीत विसरावा! पाणी सुधारू लागले म्हणून रंग परतला, हे मी पुन्हा सांगितले, आणि पुन्हा, आणि मला दिसले की माझ्या प्रत्येक वाक्यागणिक ऐकणाऱ्यांचे चेहरे अधिकच बंद होत चालले आहेत. आजही खोऱ्यातली काही घरे असे मानतात, की एका संशयी मास्तरामुळे देव रुसला. त्यांच्या घरी नळ नाही. स्टॅग आता दुसऱ्या कोणत्या तरी काउंटीत, दुसऱ्या कोणत्या तरी तांबड्या ओढ्याकाठी असेल, आणि तेथेही कोणीतरी टोपी छातीशी धरून गुडघ्यांवर बसले असेल.

ऑर्फाताई त्या दिवशी काठावरच होती. मला वाटले, ती माझी बाजू घेईल. ती पाण्याकडे पाहत होती.

"काय सुंदर दिसत होता रे," ती म्हणाली.

"ताई, ते विष होतं."

"माहीत आहे मला. मीच टाकला ना सोडा? पण सुंदर दिसत होता. तुला ते एकदासुद्धा म्हणावंसं वाटलं नाही."

आज माझे म्हणणे मी तिच्या या वाक्यासकट मांडतो. ओढा खरोखरच सुंदर दिसत होता. फसणारे लोक मूर्ख नसतात. त्यांना काहीतरी मनापासून हवे असते, आणि भोंदू नेमके तेच विकायला येतो. म्हणून जे तुम्हाला अत्यंत हवेसे वाटते, त्याचीच परीक्षा अधिक कडक घ्या. जो म्हणतो, परीक्षा घेऊ नका, त्याचे पाणी पिऊ नका. आणि जो माझ्यासारखा तुमच्या भल्यासाठी ओरडत येतो, त्याच्या खिशातल्या पुडीवरही विश्वास ठेवू नका. पाणी आपल्या माणसाकडून भरून आणा, सोडा आपल्या फळीवरचा घ्या, शेजारी साध्या पाण्याचा पेला ठेवा, आणि मग डोळे उघडे ठेवून बघा. दिसेल ते आवडणार नाही कदाचित. तरीही तेच प्यायचे की नाही, हे मग तुमचे तुम्ही ठरवा.